हे उपकरण आपल्या ओळखीचे आहे का?

भेट देताना घेणाऱ्याचा स्वभाव पाहून द्यावी. लहान मुलाला शिट्टी देऊ नये, आणि वजनमापे खात्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला पहारा देणारा राउटर तर मुळीच देऊ नये. पण भाचीच्या मनात मामाबद्दल नुसतंच प्रेम होतं, अंदाज नव्हता. ती संगणकांच्या सुरक्षेचं काम करणाऱ्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने कुरियरने राउटर पाठवला आणि फोन करून सांगितलं, "मामा, जुना डबा काढून टाका. हा नवीन राउटर घरातल्या नेटवर्कवर नजर ठेवतो. अनोळखी कुणी आत शिरलं की तुमच्या फोनवर वर्दी देतो."

'वर्दी' हा शब्द तपासनिसांना फार आवडला. निवृत्तीनंतर त्यांना वर्दी द्यायला कुणी उरलं नव्हतं. बाजारात मात्र अजून थोडा दरारा होता. ते गाडीपाशी येताना दिसले की भाजीवाला आपण होऊन दोन टोमॅटो जास्त टाकायचा, आणि ते म्हणायचे, "जास्त नको, बरोबर दे." घरात तपासण्यासारखं काही नव्हतंच. बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, आमटीतलं मीठ तपासायचा एकदा प्रयत्न झाला होता, त्यानंतर दोन दिवस त्यांना आमटीच मिळाली नाही.

राउटर बसवला तो अर्थात काकूंनी, भाचीला फोनवर धरून. तपासनीस त्या वेळी माहितीपुस्तिकेतली शेवटची पानं वाचत होते, कारण कायद्याची भाषा नेहमी शेवटच्या पानावर असते. "मामी, नाव आणि पासवर्ड काय ठेवायचं?" भाचीने विचारलं. "जुनंच ठेव गं बाई, म्हणजे टीव्हीला पुन्हा शिकवत बसायला नको," काकू म्हणाल्या. हे वाक्य तपासनिसांच्या कानांवरून गेलं. कानात गेलं असतं तर पुढचं महाभारत टळलं असतं, पण बायकोचं बोलणं कानांवरून जाऊ देण्याचा त्यांना अनेक वर्षांचा सराव होता.

त्याच संध्याकाळी ही वार्ता डॉक्टरांना सांगण्यात आली. डॉक्टर म्हणजे शेजारच्या घरातले दंतवैद्य. दवाखाना आता मुलगा चालवतो, हे सकाळी दोन-चार जुन्या दाढा पाहून घरी येतात. दोन्ही घरांच्या बाल्कन्यांमध्ये खुर्चीत बसल्यावर छातीशी येईल एवढी भिंत आहे, आणि त्या भिंतीवर बुद्धिबळाचा पट. इमारतीत राहायला आल्यापासून एकही संध्याकाळ त्या पटाशिवाय गेलेली नाही. एका घराची जादा किल्ली दुसऱ्या घरात खिळ्याला टांगलेली असते. दोघांची मुलं कुणाच्या घरी जेवली हे आयांना हाक मारून विचारावं लागायचं. अशी ही दोस्ती. तपासनिसांनी नव्या राउटरचं वर्णन करता करता दोन प्यादी गमावली. डॉक्टर शांतपणे ऐकत होते. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडी पाहिल्यामुळे त्यांना कुणाच्या बोलण्याचा कंटाळा येत नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "कंपनी कोणती म्हणालात?"

आता पहारा सुरू करायचा तर आधी मोजदाद हवी. तपासनिसांनी घरातल्या एकेका यंत्रासमोर उभं राहून नोंद घेतली: टीव्ही, प्रिंटर, काकूंचा फोन, काकूंचा टॅब आणि स्वतःचा फोन. पाचही उपकरणं ओळखीची, पाचही निर्दोष. आठवडाभर काही घडलं नाही आणि तपासनीस हिरमुसले. चोरच नसेल तर पहारेकऱ्याला विचारतो कोण?

मग एका संध्याकाळी फोन किणकिणला. 'नवीन उपकरण जोडले गेले आहे. हे उपकरण आपल्या ओळखीचे आहे का?' खाली दोन बटणं: हो आणि नाही. तपासनिसांनी चष्मा पुसला आणि मोठ्या आनंदाने 'नाही' दाबलं. यंत्राने विचारलं, उपकरणाला नाव द्यायचं आहे का? त्यांनी लिहिलं, 'चोर क्रमांक एक'. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक वर्दी आली. हे उपकरण अर्ध्या मिनिटासाठी आलं, काहीतरी चिमूटभर पाठवलं आणि गेलं. तिसऱ्या दिवशीही सकाळी तसंच. हा 'चोर क्रमांक दोन' फार मुरलेला दिसत होता. तो रोज येऊन नुसती टेहळणी करून जात होता.

इथे कुणालाही वाटेल की माणूस आधी बायकोला विचारील. पण तपासनिसांच्या खात्याचा नियम होता, दुकानाची झडती घेताना दुकानातल्या कुणालाही आधी कळू द्यायचं नाही. त्या नियमाने त्यांनी शेकडो खोटी वजनं पकडली होती. त्यामुळे तपास गुप्त राहिला. गुप्त म्हणजे काकूंपासून गुप्त, बाकी इमारतीत तो दुपारपर्यंत सगळ्यांना कळला होता.

सेक्रेटरी म्हणाले, "सोपं आहे, पासवर्ड बदला." हा गृहस्थ वाढदिवसाच्या शुभेच्छाही परिपत्रक काढून देतो, पण हा सल्ला त्याने फुकट आणि तोंडी दिला. तपासनीस कीव केल्यासारखे हसले. "कुलूप बदललं की चोर पळाला. मग पकडायचं कुणाला? मला मुद्देमाल हवाय." तळमजल्यावरचे कॅप्टन आयुष्यभर बोटीवर होते. त्यांचं मत पडलं की लाटा धातूतून जात नाहीत, तेव्हा राउटर मोठ्या पातेल्याखाली झाकावा, म्हणजे नेट घरातलं घरात राहील. बोटीवर असं करायचे का, हे विचारायचं राहून गेलं.

तपासनिसांनी सर्वांत मोठं पातेलं उपडं घातलं. घरातलं नेट खरोखरच बाहेर जायचं थांबलं. ते घरात फिरायचंही थांबलं. काकू पातेलं शोधत घरभर हिंडल्या आणि शेवटी दिवाणखान्यात त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"हे काय शिजतंय इथे?"

"प्रयोग आहे."

"मीठ बेताने घाला," म्हणून त्या पातेलं घेऊन गेल्या.

शेवटी तपासनिसांनी ब्रह्मास्त्र काढलं. राउटरमध्ये 'बंदी' नावाचं बटण होतं. ते दाबलं की नको असलेलं उपकरण दारातच अडतं. त्यांनी दोन्ही चोरांवर बंदी घातली, टाळी वाजवली आणि स्वतःच स्वतःला चहा करून घ्यायला स्वयंपाकघरात गेले. तिथे त्यांच्या स्वतःच्या फोनचं नेट बंद पडलं. ते दिवाणखान्यात आले, नेट चालू. पुन्हा स्वयंपाकघरात गेले, पुन्हा बंद. बाल्कनीत जावं तर तिथेही आचके देत होतं. शत्रूने उलटा वार केला होता. चोर तो चोर आणि वर शिरजोर. ब्रह्मास्त्र परत फिरवायचं बटण त्यांनी पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर शोधलं, ते पहिल्या पानांवर असावं.

भाचीला फोन लावला तर ती म्हणाली, "मामा, मी परिषदेत आहे, रविवारपर्यंत थांबा. तोवर पासवर्ड बदला." सगळ्या शहाण्या माणसांचं एकाच गोष्टीवर एकमत झालेलं पाहून तपासनिसांना त्या गोष्टीचाच संशय येऊ लागला. नेट कंपनीच्या तक्रार विभागातली मुलगी फार गोड बोलली. नेट चालत नसल्याची तक्रार फक्त नेटवरूनच घेतली जाते, असं तिने तीन वेळा न चिडता सांगितलं. उरली पोलीस चौकी. हवालदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "काय चोरीला गेलं?"

"नेट."

"म्हणजे आता घरात नेट नाही?"

"आहे की. दिवाणखान्यात आहे."

"वस्तू जागेवर आहे म्हणता. मग गेलं काय? किती गेलं?"

आणि तिथे तपासनीस अडकले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना 'किती कमी भरलं?' हा एकच प्रश्न विचारला, त्याला स्वतःचा तोटा किलोत सांगता येईना की लिटरमध्ये. "मोजून या," हवालदार सौजन्याने म्हणाले. तपासनीस खाली मान घालून घरी आले. खात्यात असताना हे वाक्य त्यांनी किती दुकानदारांना ऐकवलं होतं, याचा हिशेब ठेवलेला नव्हता म्हणून बरं.

पण खरा घाव त्या संध्याकाळी बसायचा होता. पट मांडला होता, डॉक्टरांचा वजीर अडचणीत होता. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि तपासनिसांचा फोन किणकिणला: 'बंदी घातलेल्या चोर क्रमांक एकने पुन्हा प्रयत्न केला.' थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी आतून हाक मारली, डॉक्टर उठून गेले, चोरही गेला. डॉक्टर परत आले, चोरही आला. तपासनिसांनी फोन मांडीखाली दाबला. डॉक्टरही आज सारखे आपला फोन पाहत होते आणि तपासनिसांची नजर वळली की खिशात घालत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

"काय झालं? चाल तुमची आहे," डॉक्टर म्हणाले.

"आज डोकं दुखतंय," तपासनीस म्हणाले आणि आत गेले.

डोकं दुखत नव्हतं, छातीत कुठेतरी दुखत होतं. चार पैशांच्या नेटसाठी डॉक्टरांनी असं करावं? मागितलं असतं तर अख्खा राउटर उचलून दिला असता. तपासनीस पलंगावर पडून छताकडे पाहत राहिले. खात्यात असताना त्यांनी सख्ख्या साडूच्या दुकानावर धाड घातली होती आणि साडूने पाच वर्षं बोलणं टाकलं होतं. त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही. पण डॉक्टर म्हणजे काही साडू नव्हते, ते मित्र होते.

दुसऱ्या संध्याकाळी तपासनीस बाल्कनीत गेले नाहीत. डॉक्टरही आले नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी तेच. हे तपासनिसांना गुन्ह्याची कबुलीच वाटली. एकदा मात्र ते चोरपावलांनी जाऊन पट पाहून आले. पट तसाच भिंतीवर होता. डॉक्टरांचा वजीर अजून अडचणीत होता. तीन दिवस मैदान मोकळं होतं, एक बोट लावलं असतं तर वजीर सुटला असता, पण एकही सोंगटी हललेली नव्हती. जो माणूस पटावरचं प्यादंही चोरत नाही, तो नेट चोरील? हा प्रश्न तपासनिसांच्या मनात आला आणि त्यांनी तो मुद्दाम बाजूला सारला. पुराव्यापुढे भावनांना जागा नाही, असं ते स्वतःशी म्हणाले आणि सेक्रेटरींकडे लेखी तक्रार देऊन आले. अर्जात नाव घातलं नव्हतं. गुन्हेगाराने चारचौघांत स्वतः उभं राहून माफी मागावी आणि आपण मोठ्या मनाने ती द्यावी, असा सगळा देखावा त्यांनी मनात रंगवून ठेवला होता. काकूंनी दोनदा विचारलं, "तुमचं आणि डॉक्टरांचं काही बिनसलंय का?" तपासनीस म्हणाले, "योग्य वेळी कळेल."

रविवारी सकाळी इमारतीखाली, गाड्या उभ्या करायच्या जागेत, सभा भरली. खुर्च्या कमी होत्या आणि उत्सुकता जास्त होती. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "विषय क्रमांक एक, नेटवर्कमधील घुसखोरीबाबत पहिल्या मजल्यावरील एका सभासदाची गोपनीय तक्रार. विषय क्रमांक दोन, नेटवर्कमधील घुसखोरीबाबत पहिल्या मजल्यावरील दुसऱ्या सभासदाची गोपनीय तक्रार."

पहिल्या मजल्यावर दोनच घरं आहेत.

तपासनीस आणि डॉक्टर एकाच वेळी उभे राहिले आणि एकमेकांकडे पाहत राहिले. "आधी तुम्ही बोला," तपासनीस म्हणाले. संताप कितीही असला तरी रीत सुटत नाही.

डॉक्टर हळू आवाजात बोलले. "तपासनीस इतकं कौतुक करत होते म्हणून मीही तोच राउटर घेतला. दुसऱ्याच दिवशी त्यात एक कीड सापडली. मी त्या उपकरणाचं नावच 'कीड' ठेवलंय. आमच्या पलीकडच्या भिंतीतून येते. हे पातेलं-बितेलं वाजल्यापासून तर फारच वाढली. बंद केली तरी ठणकत राहते." मग ते थांबले. "ती भिंत कुणाच्या स्वयंपाकघराची आहे, हे मला सांगायला लावू नका. तीन रात्री मला झोप नाही."

"मी कीड?" तपासनीस म्हणाले. "आणि तुम्ही रोज संध्याकाळी माझ्या नेटवर्कवर येता ते? आणि रोज सकाळी अर्धा मिनिट येऊन टेहळणी करून जाणारा तुमचा साथीदार कोण?"

मागच्या खुर्च्यांवर काकू आणि डॉक्टरीणबाई एकाच पिशवीतल्या शेंगा सोलत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "सकाळी अर्धा मिनिट? अहो भावजी, तो यांचा वजनकाटा. न्हाणीघरात असतो, तुमच्या भिंतीला लागून. लेकीने पाठवलाय, वजन थेट तिच्या फोनवर जातं. हे रोज चढतात आणि आकडा बघून लगेच उतरतात."

उभं आयुष्य ज्यांनी काटे पकडले, त्यांना साधा काटा ओळखता आला नव्हता. कॅप्टन पहिले हसले.

"पण तो माझ्या नेटवर्कवर आला कसा?" तपासनिसांचा आवाज आता जरा खाली आला होता.

काकूंनी शेंग पिशवीत टाकली. "कसा म्हणजे? दोन्ही घरांच्या नेटचं नाव एकच, पासवर्ड एकच. पहिल्यांदा नेट घेतलं तेव्हा आम्ही दोघींनी मिळूनच ठेवला होता. मी त्यांच्याकडे बसले काय आणि त्या माझ्याकडे बसल्या काय, फोन आपोआप लागायला नको? ज्याचा राउटर जवळ पडेल त्याला फोन चिकटतो. इतकी वर्षं चाललंय. आता डॉक्टरांनी नवा राउटर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला ठेवला, म्हणून त्यांची बाल्कनी आणि न्हाणीघर आमच्या राउटरला जवळ पडलं, एवढंच. घरच्या किल्ल्या नाही का एकमेकांकडे टांगलेल्या?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. गाव, चौकी, परिषद, कॅप्टन, सगळ्यांना वळसा घालून झाला होता आणि कळसा मागच्या खुर्चीवर शेंगा सोलत होता. दोन शहाण्या माणसांनी एकमेकांना बंदी घातली होती आणि दोघांचीही नेटं भिंतीपाशी अडकली होती.

"पासवर्ड आहे तरी काय?" डॉक्टरांनी विचारलं. इतकी वर्षं त्यांनीही विचारलं नव्हतं.

"'दुसरी किल्ली'. सगळं जोडून, इंग्रजी अक्षरांत," काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या. बिचाऱ्यांचा सगळा जन्म शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवण्यात गेला होता.

सगळ्यांच्या माना आपापल्या फोनकडे वळल्या. मग तपासनिसांचा फोन किणकिणला. पाठोपाठ डॉक्टरांचा. मग दोन्ही एकदम, आणि मग थांबेचनात. 'नवीन उपकरण जोडले गेले आहे. हे उपकरण आपल्या ओळखीचे आहे का?' कॅप्टन फोन पिशवीत लपवायच्या खटपटीत होते. सेक्रेटरी म्हणाले, "वेग चांगला आहे हो," आणि मग जीभ चावली. तपासनिसांनी डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी तपासनिसांकडे पाहिलं, आणि दोघं असे हसत सुटले की डॉक्टरांना खुर्ची धरावी लागली. तपासनिसांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते सगळंच हसण्याचं नव्हतं.

"डॉक्टर," डोळे पुसत ते म्हणाले, "तो वजनकाटा बरोबर दाखवतो का?"

"दोन किलो जास्त दाखवतो," डॉक्टर ठामपणे म्हणाले.

"घेऊन या. तपासून देतो."

दुपारी कपाटातून मखमलीच्या खणातली प्रमाणित वजनं निघाली. तपासनिसांनी ती एकेक करून काट्यावर ठेवली, चष्मा वर-खाली केला, काटा आडवा फिरवून पुन्हा पाहिला. काटा चोख निघाला. डॉक्टर फार खट्टू झाले. मित्र म्हणून काही करता येईल का, असं त्यांनी विचारूनही पाहिलं, पण तपासनीस तत्त्वाला सोडून वागले नाहीत.

संध्याकाळी परिषद संपवून भाचीचा फोन आला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामा, आता तरी पासवर्ड बदला. आणि दोन घरांना दोन वेगळे ठेवा." मामांनी अर्धा सल्ला तंतोतंत पाळला. बाल्कनीत पट बाजूला सारून चौघांनी मिळून नवीन पासवर्ड शोधला आणि दोन्ही घरांना तोच ठेवला. दोन्ही बाजूंच्या बंद्या उठल्या. नावं मात्र तशीच राहिली, कारण ती बदलायची इच्छा कुणालाच झाली नाही.

हल्ली रोज संध्याकाळी भिंतीच्या पलीकडे खुर्ची सरकते आणि तपासनिसांचा फोन किणकिणतो. ते काही न पाहता आत हाक मारतात, "अगं, चहा टाक. चोर आला." तेवढ्यात पलीकडून डॉक्टरांचा आवाज येतो, "अहो, ऐकलंत का? लाडू काढा. कीड आली." मग पट मांडला जातो. डॉक्टरांचा तो वजीर शेवटी मारला गेलाच. मित्र म्हणून तिथेही काही करता आलं नाही.